इंग्रजीची लॅटिन-ग्रीक उसनवारी

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांची पुस्तके विकणाऱ्या दुकानांत नॉर्मन लुइस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' हटकून सापडते. १९४९ साली अमेरिकेत निघालेले हे पुस्तक, पण त्याच्या नव्या-जुन्या आवृत्त्यांना आपल्याकडे अजून गिऱ्हाईक आहे. त्याची बैठक एका कल्पनेवर आहे. इंग्रजीतले अवघड शब्द सुटे सुटे घोकू नका, त्यांच्या पोटातले लॅटिन आणि ग्रीक धातू शिका. 'बायो' म्हणजे जीवन, 'ग्राफी' म्हणजे लेखन, 'क्रोनॉस' म्हणजे काळ. असे काही डझन तुकडे हाती आले की शेकडो शब्दांची कुलुपे उघडतील, असा त्यामागचा भरवसा. पुढे क्लासवाल्यांनी त्याचे तक्ते केले. हा भरवसा कितपत खरा आहे? उत्तर द्यायचे तर हे तुकडे इंग्रजीत केव्हा, कोणी आणि कशासाठी आणले, तिथून सुरुवात करावी लागते.

इंग्रजी ही जन्माने लॅटिनची लेक नव्हे. रोमन सत्ता ब्रिटनमधून उठल्यावर पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या जर्मानिक टोळ्या तिथे आल्या, त्यांच्या बोलींतून ती झाली. तरीही थॉमस फिंकेनश्टेट आणि डीटर वोल्फ या अभ्यासकांनी ऑक्सफर्डच्या छोट्या कोशातले सुमारे ८०,००० शब्द तपासून १९७३ साली जो हिशेब मांडला, त्यात थेट लॅटिनचे शब्द सुमारे २८ टक्के, फ्रेंचमधून आलेले तितकेच आणि ग्रीक पाच टक्क्यांच्या आसपास निघाले. जर्मानिक शब्द जेमतेम पाव हिस्सा. पण कोश मोजणे वेगळे आणि बोलणे मोजणे वेगळे. आई, बाप, घर, पाणी, खाणे, झोपणे, येणे, जाणे यांचे इंग्रजी शब्द, सगळी सर्वनामे, जवळजवळ सगळी शब्दयोगी अव्यये जर्मानिकच आहेत. इंग्रजीत लॅटिनचा एकही शब्द न घेता पानभर लिहिता येईल. जर्मानिक शब्द टाळून एक वाक्य धड होणार नाही.

उसनवारीचा पहिला थर इंग्लंडात पाऊल पडण्याआधीचा आहे. या टोळ्या युरोपच्या मुख्य भूमीवर असतानाच रोमन व्यापाऱ्यांकडून आणि सैनिकांकडून त्यांनी वस्तू घेतल्या आणि वस्तूंबरोबर नावेही घेतली. वाइन, चीज, बटर, किचन, कप, वॉल, स्ट्रीट, माइल, पाउंड. हे शब्द इतके झिजून गुळगुळीत झाले आहेत की आज त्यांत कोणाला लॅटिनचा वासही येत नाही. दुसरा थर धर्माचा. ५९७ साली पोप ग्रेगरीने धाडलेला ऑगस्टीन केंटमध्ये उतरला आणि चर्चबरोबर बिशप, मंक, ऑल्टर असे शब्द आले. त्यांतले बरेचसे मुळात ग्रीक, लॅटिनच्या वाटेने आलेले. 'स्कूल'ही तसाच. ग्रीकांच्या 'स्खोले'चा अर्थ फुरसत असा होता. दप्तराचे ओझे वाहणाऱ्या मुलांना हे सांगू नये.

१०६६ मध्ये नॉर्मन आले आणि पुढची तीन शतके दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये चालली. गोठ्यातली गाय सॅक्सन आणि ताटातले बीफ फ्रेंच, ही गंमत वॉल्टर स्कॉटने १८१९ सालच्या 'आयव्हॅन्हो'त घातल्यापासून इतक्यांदा सांगितली गेली आहे की इथे थांबण्याचे कारण नाही. महत्त्वाची गोष्ट दुसरीच. या काळात आणि नंतर इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन-दोन, तीन-तीन शब्द साठले आणि त्यांची उतरंड लागली. विचारायला 'आस्क' हा घरचा, 'क्वेश्चन' फ्रेंच आणि 'इंटरॉगेट' थेट लॅटिनमधला. पहिला आई विचारते, दुसरा वर्तमानपत्र, तिसरा पोलीस. 'किंग्ली', 'रॉयल' आणि 'रीगल' यांचेही तेच. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. सांगणे, फर्मावणे आणि निवेदन करणे यांतही एक घरचा, एक फारसीच्या दरबारातला आणि एक संस्कृत. कोणता केव्हा वापरायचा हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते, तरी चुकत नाही.

खरी आवक झाली ती सोळाव्या शतकात. छपाई आली होती, ग्रीक-लॅटिन ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे धडाक्याने होत होती आणि भाषांतरकारांना जिथे शब्द अडला तिथे ते मूळ शब्दालाच इंग्रजी शेपूट लावून पुढे जात. लोक वैतागले. अशा शब्दांना 'इंकहॉर्न टर्म्स', म्हणजे शाईच्या शिंगातले शब्द, असे नाव पडले. थॉमस विल्सनने १५५३ साली वक्तृत्वावरच्या आपल्या पुस्तकात असल्या शब्दांनी खच्चून भरलेले एक विडंबनपत्र छापले. आज ते वाचताना मौज वाटते, कारण त्याने हसण्यासाठी निवडलेले 'सेलिब्रेट', 'एक्स्टॉल', 'डेक्स्टेरिटी', 'मंडेन' हे शब्द आज शाळेतल्या निबंधात बसतात, तर त्यांच्याच शेजारचे 'इंजेंट' आणि 'रेव्होल्यूटिंग' कुठेच उरले नाहीत. कोणता शब्द टिकेल हे त्या काळातल्या कोणालाच, थट्टा करणाऱ्यालाही, कळले नव्हते.

सर जॉन चीक हा या वादातला सर्वांत रंजक माणूस. केंब्रिजमध्ये ग्रीकच्या राजनियुक्त अध्यासनावर बसलेला पहिला प्राध्यापक, आणि तोच म्हणत होता की आपली भाषा परक्यांची भेसळ न करता लिहावी. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करताना त्याने 'क्रूसिफाइड'ऐवजी 'क्रॉस्ड', 'सेंच्युरियन'ऐवजी 'हंड्रेडर' आणि 'लुनॅटिक'ऐवजी 'मून्ड' असे शब्द घडवले. एकही चालला नाही. तीनशे वर्षांनी डॉर्सेटचा कवी विल्यम बार्न्स पुन्हा त्याच वाटेने गेला. व्याकरणाला 'स्पीचक्राफ्ट', बाबागाडीला 'पुशवेनलिंग', ऑम्निबसला 'फोकवेन'. १८७८ सालच्या त्याच्या पुस्तकावर लोक हसले. भाषाशुद्धीची चळवळ आणि सरकारी हुद्द्यांना मराठी नावे देणारा पदनाम कोश पाहिलेल्या मराठी माणसाने मात्र या दोघांना हसण्याआधी थोडे थांबावे. पदनाम कोशाची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा झाली, आणि सावरकरांचे महापौर आणि दिनांक आज कोणाला घडवलेले वाटतही नाहीत. फरक एवढाच की आपल्याकडे शुद्धीवाल्यांनी शब्द अभिजात भाषेतून आणले, तर चीक आणि बार्न्स यांना अभिजात भाषेलाच दाराबाहेर ठेवायचे होते. म्हणजे पदनाम कोश हा खरे तर इंकहॉर्नवाल्यांचा भाऊबंद. विल्सनच्या विडंबनात तो चपखल बसला असता.

या अवघड शब्दांनीच इंग्रजीला पहिला एकभाषी कोश दिला. रॉबर्ट कॉड्री या शाळामास्तराने १६०४ साली सुमारे २,५०० कठीण शब्दांचे अर्थ सोप्या इंग्रजीत देणारे छोटे पुस्तक काढले. मुखपृष्ठावरच लिहिले होते की हे स्त्रिया आणि इतर 'अकुशल' लोकांसाठी आहे. लॅटिन शाळेत न गेलेल्यांना स्वतःचीच भाषा कळेनाशी झाली होती, त्याचा हा पुरावा.

पंडितांनी शब्द आणले ते आणलेच, आधी आलेल्या शब्दांची स्पेलिंगेही 'सुधारली'. कर्ज या अर्थाचा 'डेट' फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी हे अक्षर नव्हते. लॅटिन 'डेबिटुम'ची आठवण राहावी म्हणून ते घुसडले. 'डाउट'चा बी आणि 'रिसीट'चा पी असेच आले. काही ठिकाणी तर आठवणच चुकली. 'आयलंड' हा अस्सल जर्मानिक शब्द, पण लॅटिन 'इन्सुला'शी त्याचे नाते असावे अशा समजुतीने त्यात एस बसवला. 'सिझर्स'मधला एससुद्धा चुकीच्या धातूवरून. मराठी शाळेतला मुलगा पाचवीत या मूक अक्षरांवरून छड्या खात आला तो चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज विद्वानांच्या हौसेपायी. बरे, उच्चार कोणी बदलले नाहीत. फक्त कागद पंडिती झाला.

विज्ञानाने हा सगळा कारभार नव्या पायावर नेला. इथे शब्द उसने घेतले गेले नाहीत, तर मेलेल्या भाषांचे सुटे भाग जोडून बनवले गेले. प्लेटो किंवा सिसेरो उठून आला तर त्याला यांतले बहुतेक शब्द कळणार नाहीत. विल्यम गिल्बर्टने १६०० साली चुंबकावरच्या लॅटिन ग्रंथात अंबराला असलेल्या 'एलेक्ट्रॉन' या ग्रीक नावावरून 'इलेक्ट्रिकुस' हे विशेषण केले. फ्लेमिश रसायनज्ञ व्हान हेल्माँटने ग्रीक 'खाओस' म्हणजे आदिम गोंधळ या शब्दावरून 'गॅस' केला. आपल्या स्वयंपाकघरात सिलिंडर संपला की 'गॅस गेला' म्हणतात तेव्हा बोलणाऱ्या बाईंना ग्रीक सृष्टिकथेशी काही देणेघेणे नसते आणि नसावेही. लव्हाझिये आणि त्याच्या साथीदारांनी १७८७ साली रसायनशास्त्राची नामपद्धती ठरवली आणि 'ऑक्सिजन' रूढ केला. अर्थ आम्ल जन्माला घालणारा, कारण प्रत्येक आम्लात तो असतो असे त्याला वाटत होते. हंफ्री डेव्हीने १८१० साली दाखवले की मिठाच्या आम्लात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात, ऑक्सिजन नाहीच. सिद्धांत गेला, नाव राहिले. मराठीने त्याला प्राणवायू म्हटले ते लव्हाझियेपेक्षा बरोबर निघाले.

नावे पाडण्यात सर्वांत तयार माणूस केंब्रिजचा विल्यम व्ह्यूवेल. विजेच्या प्रयोगांतल्या नव्या गोष्टींना काय म्हणावे म्हणून मायकेल फॅरडेने १८३४ मध्ये त्याला विचारले, तेव्हा 'अॅनोड', 'कॅथोड' आणि 'आयन' हे शब्द त्याने सुचवले. ग्रीकमध्ये वर जाण्याची वाट, खाली जाण्याची वाट आणि जाणारा. पुस्तकबांधणीच्या दुकानात वाढलेल्या फॅरडेला ग्रीक येत नव्हते. त्याच सुमारास 'सायंटिस्ट' हा शब्दही व्ह्यूवेलनेच केला. त्यात लॅटिन धडाला ग्रीक शेपूट आहे, म्हणून कर्मठांना तो बरीच वर्षे रुचला नाही. पुढे 'टेलिव्हिजन'वर हाच आक्षेप आला, 'टेली' ग्रीक आणि 'व्हिजन' लॅटिन. मला हा आक्षेप कधीच पटला नाही. रेल्वेगाडी, डबलरोटी आणि जिल्हाधिकारी म्हणणाऱ्यांनी संकराला नावे ठेवू नयेत.

वैद्यकाचे घर यात सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे. ढोबळ नियम असा की शरीराच्या भागांची नावे बहुधा लॅटिन आणि रोगांची ग्रीक. म्हणून मूत्रपिंडाची 'रीनल' रक्तवाहिनी असते, पण त्याला सूज आली की ती 'नेफ्रायटिस' होते. फुप्फुसाचा तो 'पल्मोनरी' आणि आजार मात्र 'न्यूमोनिया'. पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला यांचा दरारा वाटतो, पण हाडा-अवयवांची नावे उलगडून पाहिली तर ती एखाद्या रोमन घरातल्या वस्तूंची यादी निघते. 'टिबिया' म्हणजे बासरी, 'पेल्व्हिस' म्हणजे पसरट भांडे, खुब्याची खोबण 'अॅसिटॅब्युलम' म्हणजे जेवणाच्या मेजावरचे व्हिनेगरचे भांडे, कानातला 'कॉक्लिआ' म्हणजे गोगलगाय आणि 'मसल' म्हणजे छोटा उंदीर. 'पटेला' म्हणजे लहान तसराळे. मराठीत त्याच हाडाला गुडघ्याची वाटी म्हणतात, आणि ते कोणी लॅटिनवरून भाषांतरित केलेले नाही. गळ्याखालच्या हाडाला 'क्लॅव्हिकल', म्हणजे छोटी किल्ली. या किल्लीकडे पुढे परत यायचे आहे.

वनस्पतींची लॅटिन नावे लिनेअसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून सुरू होतात असे मानण्याचा रिवाज आहे. ती रुक्ष वाटतात, पण कासच्या पठारावर सप्टेंबरात गेलात तर ती बोलू लागतात. सीतेची आसवे या निळ्या-जांभळ्या फुलाचे कुळनाव 'युट्रिक्युलेरिया', म्हणजे चामड्याच्या छोट्या पिशवीवाली, कारण तिच्या सूक्ष्म पिशव्यांत किडे अडकतात आणि ती ते पचवते. मराठी नावाने फूल पाहिले, लॅटिन नावाने मुळाशी चाललेला कारभार पाहिला. गेंदाचे 'एरिओकॉलॉन', ग्रीक लोकर आणि देठ. सह्याद्रीच्या कड्यांवरचे कंदीलपुष्प 'सिरोपेजिया', मेणाचे कारंजे. लिनेअसला त्यात कारंजे दिसले, आपल्याला कंदील. कारवी 'स्ट्रोबिलँथिस', शंकूसारख्या फुलोऱ्याची, आणि तिच्यासाठी सुचवलेले दुसरे कुळनाव 'कार्व्हिया' तर सरळ मराठीवरूनच घेतलेले. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच लिहिण्याची सक्ती २०११च्या अखेरीपर्यंत होती. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालते. नाव मात्र अजून लॅटिनच्या साच्यातच घालावे लागते.

आता त्या किल्लीकडे. लॅटिन 'क्लाविस'चे पोर्तुगीजमध्ये 'शाव्हि' झाले आणि गोवा-वसईच्या वाटेने मराठीत 'चावी' आली. म्हणजे डॉक्टरांचा क्लॅव्हिकल आणि आपल्या कमरेची चावी एकाच घरच्या. इंग्रजी येण्याच्या कितीतरी आधी लॅटिन आपल्याकडे पोर्तुगिजांच्या जहाजातून उतरले होते, हे आपण विसरतो. 'पाव' हा लॅटिन 'पानिस'. 'कंपनी'मध्येही तोच आहे, कारण कंपनी म्हणजे एका भाकरीत वाटेकरी असलेले लोक. कंपनी सरकारने भाकरी कितपत वाटून खाल्ली ते सोडा. 'पगार' आणि इंग्रजी 'पे' हे दोघेही लॅटिन 'पाकारे'चे, शांत करणे या अर्थाच्या क्रियापदाचे. 'तुरुंग' आणि इंग्रजी 'ट्रंक' झाडाच्या बुंध्याचे, कारण कैद्याचे पाय लाकडाच्या ओंडक्यात अडकवत. आणि 'पाद्री' म्हणजे 'पातेर', बाप.

ग्रीक तर त्याहून जुने. ज्योतिषाबरोबर ग्रीक 'केंत्रॉन' संस्कृतात येऊन 'केंद्र' झाले. इंग्रजी 'सेंटर' त्याचेच दुसरे रूप. ग्रीक 'सिरिंक्स' म्हणजे नळी, तिचा आपल्याकडे 'सुरुंग' झाला आणि इंग्रजीत 'सिरिंज'. ग्रीक नाणे 'द्राख्मे' संस्कृतात द्रम्म आणि मराठीत दाम. 'अफू' आणि 'ओपियम' एकाच ग्रीक शब्दातून निघाले, एक अरबांच्या हातून आले, एक रोमनांच्या. काही शब्दांचा प्रवास उलटा आहे. इंग्रजी कोशात 'पेपर', म्हणजे मिरी, याच्यापुढे लॅटिन आणि त्यापुढे ग्रीक लिहिलेले असते. त्याही पलीकडे आपली पिप्पली आहे. शब्द पिंपळीचा आणि माल मिऱ्याचा, अशी अदलाबदल वाटेत झाली. 'जिंजर'च्या मागे पाली सिंगिवेर आणि संस्कृत शृंगवेर, आणि तो संस्कृत शब्दही बहुधा द्रविड शब्दाने घातलेला वेश. 'शुगर' शर्करेतून अरबांमार्फत गेली, तर 'सॅकरीन'मधली साखर थेट ग्रीकांनी नेलेली. 'ग्रीक मूळ' असे लिहिले की प्रवास तिथेच सुरू झाला असे समजू नये.

उसनवारीपेक्षा वेगळी गोष्ट आहे रक्ताच्या नात्याची. सर विल्यम जोन्सने २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एखाद्या, कदाचित आता न उरलेल्या, एका उगमातून निघाल्या असाव्यात. याकोब ग्रिमने १८२२ साली जर्मानिक भाषांतले वर्ण कसे नियमाने बदलले ते दाखवले आणि मग 'पातेर', 'फादर' आणि 'पितर' यांच्यातला प आणि फ यांचा फरक हा अपघात राहिला नाही. तोच नियम 'पेद', 'फूट' आणि 'पद' यांना लागतो. मराठी विद्यार्थ्याला याचा रोकडा फायदा आहे. ग्रीक 'पेरि' म्हणजे आपला परि, आणि 'मेट्रॉन'चे नाते आपल्या मिती-मापाशी. म्हणून 'पेरिमीटर' आणि परिमिती हे दोन शब्द तुकड्याला तुकडा जुळतात. 'हायपर' उपरि, 'डिस' दुस्, लॅटिन 'इंटर' अंतर्, 'अॅटम'मधला नकाराचा अ तो आपलाच अ. पण नाते म्हणजे वंशज नव्हे. संस्कृतातून लॅटिन निघाली नाही, जशी चुलतबहिणीच्या पोटी बहीण जन्मत नाही. व्हॅटिकन म्हणजे वाटिका अशा जुळवाजुळवीची आपल्याकडे मोठी हौस आहे. नुसत्या सारखेपणाने नाते ठरत नाही, याला 'देव' हेच चांगले उदाहरण. लॅटिन 'देउस' त्याचा सख्खा, पण त्याच अर्थाचा आणि कानाला तसाच लागणारा ग्रीक 'थेऑस' मात्र या कुळातला नाही.

मग तक्ते घोकावेत का? घोकणाऱ्याला काही खड्डे ठाऊक असावेत. 'होमो' ग्रीक असेल तर सम, लॅटिन असेल तर माणूस. 'होमोजीनियस' पहिल्यातला, 'होमिसाइड' दुसऱ्यातला. 'पेडेस्ट्रियन'मध्ये लॅटिन पाय आहे, 'पेडिअॅट्रिक्स'मध्ये ग्रीक मूल. 'इन' कधी नकार, कधी आत, म्हणून 'इन्फ्लेमेबल' लिहिलेल्या टँकरमधला माल पेटतो की पेटत नाही हे धातूवरून ठरवू पाहणाऱ्याने त्यापासून लांब उभे राहावे. 'डेसिमेट'चा मूळ अर्थ दहातला एक मारणे. आज तो धुळीला मिळवणे असा आहे, आणि तो चुकीचा ठरवणारे लोक इतिहास सांगत असतात, अर्थ नव्हे. 'सॅलरी'त मिठाचा धातू आहे हे खरे, पण रोमन शिपायांना पगार म्हणून मीठ देत या लोकप्रिय गोष्टीला प्राचीन पुरावा नाही. आणि लोक तुकडे पाडतात तेही कुठेही. 'हेलिकॉप्टर' हा 'हेलिको' आणि 'प्टेर', मळसूत्र आणि पंख. बोलणाऱ्यांनी तो 'हेली' आणि 'कॉप्टर' असा तोडला आणि त्यातून हेलिपॅड निघाला. लॅटिन 'ऑम्निबुस' म्हणजे सर्वांसाठी. लंडनमध्ये १८२९ साली शिलिबीर नावाच्या गृहस्थाने त्या नावाची घोडागाडी सुरू केली, लोकांनी डोके छाटून शेपूट ठेवले आणि एसटी स्टँडवर आपण जिची वाट बघतो ती 'बस' म्हणजे निव्वळ एक विभक्तिप्रत्यय.

आपल्याला हे कळायला लॅटिनही नको. आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार या सगळ्यांत एकच 'हृ' आहे हे संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असते. पण आहार ठाऊक आहे म्हणून संहाराचा अर्थ कोणाला आपोआप कळला नाही. 'रिफर', 'इन्फर', 'डिफर', 'कन्फर' यांतला लॅटिन धातू 'फेर' म्हणजे वाहणे. त्याने 'इन्फर'चा अर्थ सापडत नाही. सापडलेला अर्थ लक्षात मात्र राहतो. धातूचे काम तिथे आहे, शब्द भेटल्यानंतर.

इंग्रजांच्या देशात या शब्दांवरून वर्गभेदाचा प्रश्न उठला. डेव्हिड कॉर्सन यांनी १९८५ साली मांडले की शाळेतल्या ग्रीक-लॅटिन शब्दांची एक भिंत असते आणि ज्यांच्या घरी तसे शब्द बोलले जात नाहीत त्या कामगारांच्या मुलांना ती अडवते. त्याआधी ऑर्वेलने १९४६ साली फुलांच्या साध्या नावांची जागा ग्रीक नावे घेऊ लागल्याची तक्रार केली होती. मराठी माध्यमातल्या मुलाची गोष्ट मात्र उलटी आहे आणि आपले शिक्षक इंग्रजांचे गाऱ्हाणे जसेच्या तसे उचलतात, ते मला पटत नाही. 'फोटोसिंथेसिस'ला प्रकाशसंश्लेषण हे खांद्याला खांदा लावून उभे आहे. 'पोस्टपोन' एकदा कळला की कळला. त्याला खरा घाम फोडतात ते 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'गिव्ह इन', 'गिव्ह अप' असले इंचभर सॅक्सन शब्द, ज्यांना धरायला धातूही नाही आणि उपसर्गही नाही. इंग्रज मुलाला जे अवघड ते आपल्या मुलाला निम्मे ओळखीचे, आणि इंग्रज मूल जे आईच्या कुशीत शिकते ते आपल्या मुलाला कॉलेजातही अडवते. तक्त्यांच्या पुस्तकांत या दुसऱ्या अडचणीवर उपाय नाही.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. 'अ ते झेड' धातूंची यादी वर्गात वाटू नका. विज्ञान किंवा भूमिती शिकवताना 'पेरिमीटर', 'हायपरटेन्शन', 'बायॉलॉजी' असा शब्द समोर येईल त्याच दिवशी त्याच्याखाली त्याचे तुकडे आणि शेजारी मराठी पारिभाषिक शब्दाचे तुकडे लिहा. फळ्यावर दोन ओळी पुरतात. उरलेला तास 'गिव्ह' आणि 'पुट' यांना द्या.